खजिनदारांचा खोकला

आमच्या गावात देवाला सगळ्यात जास्त गृहीत धरणारं घर आमचंच होतं, कारण ते चर्चच्या भिंतीला लागून होतं. घरधनी पाळक, मी पाळकीणबाई आणि आमची दहा वर्षांची एकुलती एक मुलगी. नेरकडून येणारा रस्ता जिथं कापूस खरेदी केंद्राकडं वळायचा, त्या वळणावर चर्च होतं. लोक कौतुकानं म्हणायचे की पाळकाचं लेकरू देवाच्या ओसरीवर वाढतं, त्याला वेगळं काय शिकवायचं? ज्यांची लेकरं ओसरीवर वाढतात त्यांना विचारा. ओसरीवर लेकरं काय करतात, तर धिंगाणा.

रविवारी ज्या इवल्याशा पेल्यांतून मंडळी प्रभुभोजनाचा द्राक्षारस घ्यायची, ते पेले सोमवारी माझ्या मोरीत कढई आणि तव्याच्या शेजारी घासले जायचे. प्रभुभोजनातली उरलेली भाकर मुलगी चहात बुडवून खायची आणि वर म्हणायची, "आई, या टाइमाची जरा कडक झाली." चर्चच्या पायऱ्यांवर ऊन छान पडायचं म्हणून माझ्या कुरड्या तिथंच वाळायच्या. लपाछपीत राज्य आलं की सगळी पोट्टी व्यासपीठामागे सापडायची. बापाचा उपदेश ती शनिवारीच ऐकून मोकळी झालेली असायची, कारण हे न्हाणीघरात त्याची तालीम करत. रविवारी ते एका ठिकाणी गहिवरून थांबायचे, तेव्हा ही पहिल्या बाकावर बोटं मोजायची. तिसऱ्या बोटाला ते पुन्हा बोलायला लागत. ज्या माणसाला फाटक्या बनियनवर साबण शोधताना रोज पाहिलंय, त्याच्या तोंडून स्वर्गाची वाट ऐकताना कुणाला कसला धाक वाटणार? पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात. त्या वर्षांत आमच्याकडं कापूससुद्धा पिकत होता तिथं विकला जात नव्हता, मग विश्वासाची काय कथा.

रविवारच्या शाळेची शिक्षिका मीच. पाळकाशी लग्न केलं की ही नोकरी आपोआप गळ्यात पडते आणि मरेपर्यंत सुटत नाही, बिनपगारी असूनही. पाठाच्या पुस्तकात एक धडा होता: सवयीनं विश्वास बोथट होऊ देऊ नये. मला वाटलं, हा धडा आमच्याच घराकडं बघून लिहिलाय. मोठ्या तयारीनं मी तो घेतला.

"रोज रोज पाहून आपण कोणाची किंमत विसरतो?" मी विचारलं.

"येशूची!" सगळी पोट्टी एका सुरात.

"मग आपलं काय कमी होतं?"

"विश्वास!"

"मग काय करायचं?"

"प्रार्थना!"

सगळी उत्तरं बरोबर, आणि प्रश्न संपायच्या आत आलेली. मधमाशी कुठं राहते असं विचारलं असतं तरी त्यांनी "येशूच्या हृदयात" सांगितलं असतं. त्यातही आमचं रत्न सगळ्यात पुढं. मी पुस्तक मिटायच्या आत तिनं धड्याचं तात्पर्य म्हणून दाखवलं आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.

मी चिडले. चिडले की मी नियम करते. चर्चच्या पायऱ्यांवर कुरड्या बंद. आत पळायचं नाही. दारात क्षणभर थांबायचं, मान लववायची, मगच आत पाऊल टाकायचं. पहिल्या आठवड्यात पोट्टी खरंच दबकत आत आली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. महिन्याभरात ती धावत यायची, दारात ब्रेक लावल्यासारखी थांबायची, मान खाली-वर करायची आणि पुन्हा धावायची. पळायचं नाही हा नियम कुणाच्या लक्षातही राहिला नव्हता. मोठी माणसंही नकळत मान हलवायला लागली. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं की ही प्रथा मिशनरी साहेबांच्या काळापासूनची ना? मी "हो" म्हटलं आणि कुरड्या पुन्हा पायऱ्यांवर आल्या.

पण मला खरी धास्ती बसली ती मुलीच्या नकलांमुळे.

मंडळीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाची प्रार्थना तिला तोंडपाठ होती. आमच्याकडं उपासनेत पाळीपाळीनं प्रार्थना करायची पद्धत आहे, आणि माणूस एकदा एक प्रार्थना बोलायला शिकला की जन्मभर तीच बोलतो. निवृत्त मास्तर भूगोलाच्या क्रमानं प्रार्थना करत: आधी गाव, मग तालुका, जिल्हा, राज्य, देश आणि शेवटी जग. ते अमेरिकेहून परत येईपर्यंत घरी भाजी करपलेली असायची. पण सगळ्यात लोकप्रिय नक्कल होती खजिनदारांची. खजिनदार म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर, चर्चच्या पंचांमधले वजनदार गृहस्थ. त्यांची प्रार्थना म्हणजे देवाला सादर केलेला कमिटीचा अहवाल. "तुला ठाऊकच आहे, प्रभो," अशी सुरुवात, मग एक खोल खोकला, आणि मग देवाला जे ठाऊकच आहे ते सगळं पुन्हा तपशीलवार. "तुला ठाऊकच आहे, प्रभो, की मागच्या मिटिंगीत रंगकामाचा ठराव झाला. तुला ठाऊकच आहे की त्याला काहींचा विरोध होता." विरोध करणारे डोळे मिटून ऐकत बसलेले असायचे. आमेनच्या आधी उत्तर देता येत नाही, ही त्या प्रार्थनेची खरी ताकद होती.

मुलगी हे सगळं खोकल्यासकट करायची. पाहुणे पोट धरून हसायचे, तिला बिस्किटं मिळायची. मी रागावायचे, पण स्वयंपाकघरात जाऊन, पदर तोंडात धरून. हे तर एकदा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मुलीनं लगेच तो ठसकाही उचलला.

एकदा जेवायला बसल्यावर मी म्हटलं, "आज तू प्रार्थना कर."

"कोणाची करू?" तिनं विचारलं.

"कोणाची म्हणजे? तुझी कर."

"माही कोणती?"

गेले कित्येक महिने पोर रोज प्रार्थना करत होती, कधी मास्तरांची, कधी खजिनदारांची, कधी बापाची. तिची स्वतःची एकही नव्हती. मला भीती वाटली, साधी आईची भीती. हिला सगळ्या गल्ल्या माहीत आहेत, पण आपलं घर कुठलं ते ही सांगू शकत नाही, असं काहीतरी. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मोठी झाली की येईल." पाळक लोक दुसऱ्यांच्या लेकरांबद्दल इतके निर्धास्त नसतात.

त्या वर्षी कापसाची फार आबाळ झाली. केंद्रावर आधी बारदाना संपला, मग काटा बिघडला, मग काटा दुरुस्त झाला तर साहेब सुटीवर गेले. बैलगाड्यांची रांग वळणावरून मागं मागं येत चर्चच्या फाटकापर्यंत आली आणि तिथंच थांबली. बैल रवंथ करत उभे, माणसं गाडीखाली झोपलेली, रस्त्याच्या कडेला चुली मांडलेल्या. चर्चच्या आवारात हापशी होती आणि तिला पाणी चांगलं होतं, त्यामुळे सगळी रांग पाण्याला आमच्याकडं.

पंचांची तातडीची बैठक झाली. नाताळ तोंडावर आला होता, आवारात शेण पडत होतं, हापशीचा वायसर झिजत होता. खजिनदारांनी ठराव मांडला: हापशीला साखळी आणि कुलूप घालावं, आणि माणुसकीच्या नात्यानं सकाळी व दुपारी ठरल्या वेळी उघडावी. 'माणुसकीच्या नात्यानं' हे शब्द त्यांनी दोनदा लिहून घेतले. किल्ली पाळकाच्या घरी, म्हणजे माझ्या मुलीकडं. पुढच्याच रविवारी त्यांनी प्रार्थनेत शेतकरी बांधवांसाठी मोठी कळकळ व्यक्त केली. "तुला ठाऊकच आहे, प्रभो, आमचा बळीराजा कोणत्या हालातून जात आहे." आत ही प्रार्थना चालली होती आणि बाहेर बळीराजा कुलूप हलवून बघत होता. साखळीचा आवाज आत ऐकू येत होता, म्हणून खजिनदारांनी आवाज चढवला.

एका दुपारी मुलगी हापशी उघडायला गेली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तिकडंच उघडते. पाणी भरून सगळे गेले, एक बाई मागं राहिली. पन्नाशीची असेल, डोक्यावर पदर, पदराला कापसाचे पुंजके चिकटलेले. भरलेली कळशी खाली ठेवून ती चर्चकडं बघत उभी राहिली.

"एवढ्या मोठ्या घरात राह्यते कोन व माय?" तिनं मुलीला विचारलं.

"देव."

"मले तं कोनी दिसून नाही राह्यलं."

"आमच्यात मूर्ती नसते."

"मंग तुमी बोलता कोनासंगं?"

"देवासंगंच."

"आयकते?"

"हो," मुलगी म्हणाली. रविवारच्या शाळेत म्हणायची तसंच, प्रश्न संपायच्या आत.

"मंग माह्यासाठी बोल ना एकदा," बाई म्हणाली. "मालक तापानं पडले गाडीखाली. घरी लेक हाये, पहिलटकरीन, दिवस भरले तिचे. जवळ कोनीच नाही. गाडी सोडून गेली तं नंबर जाते. अन् इथी बसली तं जीव तिथी राह्यते."

माझी मुलगी नकलेच्या बाबतीत कुणाला नाही म्हणत नसे. तिनं हात जोडले, छाती पुढं काढली आणि सुरू झाली. "तुला ठाऊकच आहे, प्रभो," मग तो खोल खोकला, "की ही भगिनी कोणत्या हालातून जात आहे. तुला ठाऊकच आहे की हिचा नंबर लागत नाही." मी खिडकीत तवा हातात घेऊन उभी. सवयीनं मला हसू आलं. मुलीनंही सवयीनं एक डोळा किलकिला करून पाहिलं, समोरचं माणूस हसतंय का ते.

बाई हसत नव्हती. डोळे घट्ट मिटून, पदराचं टोक दोन्ही हातांत धरून ती उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खोकला आला तेव्हा तिनं मान हलवली, जणू देवाशी बोलताना असंच खोकायचं असतं. मुलगी अडखळली. कसंबसं "आमेन" म्हणाली. बाईनं वाकून माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या पायांना हात लावला, कळशी उचलली आणि गेली.

मुलगी घरात आली ती कुलूप न लावताच.

"आई, ते खोटं होतं."

"काय?"

"मी खजिनदारकाकांची केली. तिले समजलं नाही. ती रडली."

मी हात पुसले आणि पाळकीणबाईला शोभेल असं उत्तर दिलं. "बेटा, देव शब्द नाही बघत. मन बघतो."

"पण मनच नव्हतं," ती म्हणाली. "माहं सगळं ध्यान खोकल्यात होतं."

याचं उत्तर पाठाच्या पुस्तकातही नव्हतं. मी नंतर पाहिलं. मग म्हटलं, जाऊ दे, आता खरी प्रार्थना कर. ती म्हणाली, कशी करू? मी डोळे मिटले आणि सांगायला लागले, "हे परमदयाळू स्वर्गीय बापा, आम्ही तुझी नालायक लेकरं..."

"ही तं बाबाची हाये," ती म्हणाली.

खरंच ह्यांचीच होती. तिसऱ्या बोटाच्या थांब्यासकट.

ती एकटीच चर्चमध्ये जाऊन बसली. दारात थांबली नाही की मान लववली नाही. बऱ्याच वेळानं परत आली आणि म्हणाली, "काईच नाही आलं." जेवली नाही. मी तिला जवळ घेतलं, पण मलाच कळत नव्हतं की मी तिची समजूत घालतेय की माझी.

सकाळी उठल्या उठल्या ती म्हणाली, मी त्या मावशीला जाऊन सांगते की ती नक्कल होती. मीही बरोबर गेले. फाटकाबाहेर रस्ता मोकळा होता. पहाटेच काटा सुरू झाला होता आणि रांग सरकून केंद्रात गेली होती. आम्ही केंद्राच्या फाटकावर जाऊन तापाचा माणूस बरोबर असलेल्या बाईबद्दल विचारलं, तर तिथल्या चौकीदारानं हात हलवला.

"ती बाई? गेली ना. माल हलक्या प्रतीत काढला सायबानं. बाकीचे भांडून राह्यले, हे बाई नाही भांडली. मालकाले गाडीत टाकलं अन् बैल हाकलले. म्हने, चर्चवाल्या पोरीनं देवाले सांगतलं म्हनून काटा चालू झाला."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. "खोटी होती तरी आयकली?"

बारदान्याचा ट्रक आला, काटा दुरुस्त झाला, साहेब सुटीवरून परतले, हे मी सांगून बघितलं. तिनं ते बाजूला सारलं. "पण लेकीचं काय झालं, आई? पोचली का मावशी टाइमावर?"

"कोणत्या गावची होती?" मी चौकीदाराला विचारलं.

"आता इथी शंभर गावचे लोक येते, बाई. मी कोनाकोनाचं गाव इचारू?"

त्यानंच काय, कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही तिला ठरल्या वेळी पाणी दिलं होतं, उपासनेत तिच्यासाठी बळीराजा म्हणून प्रार्थना केली होती, माझ्या मुलीनं तर तिला आख्खी खजिनदारांची प्रार्थना ऐकवली होती. तिचं गाव कोणतं, एवढं विचारायचं सगळ्यांचं राहिलं होतं. परत येताना मुलगी प्रत्येक रिकाम्या गाडीवाल्याला थांबवून विचारत होती की गाडीत तापाचा माणूस असलेली एक बाई तुम्हाला कुठं दिसली का. कुणाला दिसली नव्हती.

मग रविवार आला. नाताळच्या आधीचा, त्यामुळे चर्च गच्च भरलेलं. खजिनदार पुढं झाले. त्यांच्या कानावर गेलं होतं की पाळकाच्या मुलीच्या प्रार्थनेनं काटा चालू झाला. कुणाची प्रार्थना होती ते मात्र गेलं नव्हतं. अभिमानानं म्हणाले, "आज आपलं लेकरू आपल्याला प्रार्थनेत चालवेल." मंडळीत खसखस पिकली. सगळ्यांना वाटलं, आज नक्कल करेल की काय. मलाही तीच भीती होती.

मुलगी उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी तिच्यासारखी बोटं मोजायला लागले, आणि बोटं संपली.

"देवा," ती म्हणाली, "त्या मावशीचं गाव मले ठाऊक नाही. तुले ठाऊक आहे. तिची लेक घरी एकटी होती. मावशी पोचली का?"

आमच्या चर्चमध्ये देवाला त्या दिवसापर्यंत कुणी 'तुले' म्हटलं नव्हतं. तिथं देवाशी पुस्तकातली मराठी बोलायची रीत होती, घरी मीठ मागतानाची नव्हे. आणि 'तुला ठाऊक आहे' हे तर मी हजारदा ऐकलेलं. या खेपेला खोकला आला नाही. जे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, ते खरंच एकालाच ठाऊक होतं.

ती खाली बसली. बाकाची फळी करकरली तेव्हा कळलं. आमेन तिनं म्हटलंच नव्हतं.

आणि आमेन झाल्याशिवाय आमच्याकडं कुणी डोळे उघडत नाही. सगळी मंडळी मान खाली घालून, डोळे मिटून वाट बघत बसली. कुणीतरी घसा साफ केला आणि तिथंच थांबलं. मी किंचित डोळे उघडून पाहिलं. खजिनदार पुढं उभे होते, ओठ आमेनसाठी उघडलेले. दुसऱ्याच्या प्रार्थनेला आपण शेवट कसा लावायचा, हा पेच त्यांना बहुधा आयुष्यात पहिल्यांदा पडला असावा. शेवटी त्यांनी ओठ मिटले, वाकून मुलीच्या कानाशी हळूच विचारलं, "बेटा, आमेन राह्यलं ना?"

"राह्यलं नाही, काका," ती म्हणाली. "त्यानं अजून सांगतलं नाही."

खजिनदारांनी मान डोलावली आणि पुन्हा डोळे मिटले. मीही मिटले. बाहेर रस्त्यावरून एक गाडी जात होती, आणि आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो.